दोन दारांची कॅडिलॅक विकणे आहे

गाडीचे फोटो अंकितानेच काढावेत असं प्रणितने ठरवलं, कारण तिच्या मोबाईलचा कॅमेरा चांगला होता. "गंज दिसेल असा एकही काढू नकोस," त्याने बहिणीला बजावलं. पण गंज नाही असा कोपराच गाडीला उरला नव्हता. डिकीच्या दोन्ही अंगांना पंखांसारखे वर आलेले पत्रे खालून कुरतडल्यासारखे झाले होते. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने क्रोमवर पुरळ उठलं होतं. मागच्या सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. तरी शेडचं दार उघडलं आणि ती लांबलचक फिकट निळी गाडी उन्हात आली, की बघणारा आपसूक दोन पावलं मागे सरे.

अमेरिकन कॅडिलॅक, कूपे. एवढ्या मोठ्या अंगाला दारं फक्त दोन, आणि स्टीअरिंग डावीकडे. अंकिताचे आजोबा कमळाकर घरत यांची मिठागरं होती. नव्या शहरासाठी पहिल्यांदा जमिनी गेल्या तेव्हा गावातल्या लोकांनी बुलेट घेतल्या, जीपा घेतल्या. कमळाकर घरतांनी मुंबईच्या एका म्हाताऱ्या पारशी डॉक्टरकडून ही गाडी आणली. तेव्हाही ती जुनीच होती. पंचक्रोशीत तिला 'विमान' म्हणत. आता खरी विमानं डोक्यावरून जात होती, उरलीसुरली जमीन त्यांच्यासाठी गेली होती, आणि तिच्या बदल्यात घराला लागूनच मिळालेल्या प्लॉटवर घरतांचा टॉवर उभा राहणार होता. दिवाळीनंतर काम सुरू. त्याआधी शेड पाडायची, म्हणजे गाडी हलवायची.

"भंगारात देऊन टाकू," प्रणित म्हणाला होता. अंकितानेच त्याला अडवलं आणि जाहिरात टाकली.

जाहिरात बघून पुण्याहून सत्यजीत कर्णिक आले. पन्नाशीचे, बोलायला मऊ, जुन्या गाड्यांचं वेड असलेले गृहस्थ. शेडमध्ये चटई अंथरून ते गाडीखाली शिरले, बऱ्याच वेळाने कोपरं झटकत बाहेर आले.

"घरतसाहेब, तुम्ही चालवायचात ना ही?"

"मग कोण?" अंकिताचे वडील, भगवान घरत, हसून म्हणाले. "मीच चालवायचो. आमच्या बाबांना काय येत नव्हतं."

"पेट्रोल कुठून भरायचात?"

"मागून," भगवानने हात हवेत फिरवला.

सत्यजीतने मागच्या लाल दिव्याकडे एक नजर टाकली. त्यांनी कागद मागितले. गाडी अजून कमळाकर घरतांच्याच नावावर होती. "हरकत नाही. पण सगळ्या वारसांच्या सह्या लागतील. मला पुढे कटकट नको. वारस कोण कोण आहेत?"

"मी. आणि एक बहीण हाय, करंज्याला दिलेली."

"त्यांची सही झाली की गाडी मी नेतो."

"झालीच समजा," भगवान म्हणाला. "जनी माझ्या शब्दाबाहेर नाय."

त्या संध्याकाळी त्याने बहिणीला फोन केला. जनी 'बगते' म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा केला, तर म्हणाली, बोंबील वाळत घातलेत, मग बोलू. नंतर तिने फोनच उचलला नाही. भगवानचं तोंड उतरलं, पण घरात त्याने वेगळंच सांगितलं. "तिला ऐकायला कमी येतंय. अंकिता, तू जा. तुझ्यावर तिचा जीव हाय. जाताना आईला सांग, एक चांगली साडी काढून देईल."

अंकिता बेलापूरला एका कंपनीत नोकरीला होती. शनिवारी सुट्टी बघून ती करंज्याला गेली. बंदरावरचा मासळीचा लिलाव आटपला होता. आत्याच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत काठ्यांवर बोंबील लटकत होते आणि जनी कावळे हाकलत ओट्यावर बसली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा विनायक आणि सून कामाला गेली होती.

जनीने भाचीला पाणी दिलं, साडीची पिशवी हातात घेतली, आत न बघताच बाजूला ठेवली. कागद मात्र नीट वाचला. ओठ हलवत, बोट फिरवत, शेवटपर्यंत.

"वाचू दिलास हा, बरं केलंस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"गाडीच्या कागदाला दादाचे इतके फोन आले. तू आलीस. जमिनीच्या कागदाला कोण आलं होतं गो?"

अंकिताला काही कळलं नाही. तिला एवढंच माहीत होतं, की आजोबांच्या जमिनीचं सगळं काम बाबांनी एकट्याने, धावपळ करून केलं.

"आमचे हे जाऊन महिनापण झाला नव्हता," जनी सांगू लागली. "दादाचा निरोप आला, पनवेलला ये, बाबांच्या कामाला एक सही हाय. गेले. कचेरीत ही गर्दी. मी वाचायला मागितला कागद. सातवी शिकलेली हाय मी, अंगठेबहाद्दर नाय. तर दादाचा वकील बोलला, मावशी, मागं लाईन बगा केवढी हाय. दादा माझ्याकडं बगून हसला. मी केली सही. बाहेर आल्यावर दादानं मला मिसळ खायला घातली आणि साडी घेऊन दिली. मग पुढं विनायकानं कुठून तरी शोधून काढलं. बापाच्या जमिनीतला माझा वाटा मी राजीखुशीनं भावाला सोडला, असं लिवलं होतं त्यात."

"तू बाबांना कधी विचारलं नाहीस?"

"काय विचारू? सगळ्याच बहिणी सोडतात. माहेर तुटंल या भीतीनं सोडतात. मीपण सोडला असता, अंकिता. विचारलं असतं तर सोडला असता."

ती उठून काठ्यांपाशी गेली, दोन बोंबील उलटे करून परत आली. बसल्यावर तिचा आवाज जरा हलका झाला.

"गाडी चालू होते काय अजून?"

"त्या पुण्याच्या माणसाने बॅटरी लावली की होईल म्हणे. बाबा इतक्या वर्षांत बसलेच नाहीत तिच्यात."

"दादा कसा बसंल? दादाला ती कधी आलीच नाय."

"बाबाच चालवायचे ना?"

जनी आधी भाचीकडे बघत राहिली, मग तोंडाला पदर लावून हसली. "दादा ट्रॅक्टर चालवायचा. या गाडीला क्लचच नाय. दादाचा डावा पाय सवयीनं क्लच शोधायचा आणि त्या रुंद ब्रेकवर पडायचा. सगळी माणसं पुढच्या काचेवर! एकदा बाबांचं नाक फुटलं. मग बाबा बोलले, जने, तू बस. मी कशावरच शिकले नव्हते, म्हणून मला सोपी गेली. मिठागरावर, चिरनेरला बाजाराला, उरणला, बाबांना मीच न्यायची. बाबा मागं बसायचे. पुढं बसले तर त्यांना भीती वाटायची."

"मग?"

"मग काय, स्थळं यायला लागली. यांच्या घरची माणसं बघायला येणार होती त्या दिवशी बाबांनी चावी काढून घेतली. बोलले, आता पुरे. आणि लोकांना सांगितलं, गाडी भगवान चालवतो." तिने खांदे उडवले. "मी बोलले नाय काही. लगीन करायचं होतं मला. नवराबी चांगला मिळाला."

अंकिताला वडिलांनी शेडमध्ये हवेत फिरवलेला हात आठवला. ती लहान होती तेव्हापासून बाबा तिला त्या गाडीच्या गोष्टी सांगत आले होते, मिठागराच्या बांधावरून कशी वळवायची, पोलीस कसे सलाम ठोकायचे. त्या सगळ्या गोष्टी खऱ्या होत्या, फक्त स्टीअरिंगवर दुसरंच माणूस होतं.

"सही करते मी," जनी म्हणाली. "पण इथं नाय. रविवारी येते. दादासमोर करते."

रविवारी सत्यजीत एका मेकॅनिकला घेऊन आले. जनी एसटीने आली, अंकिताने तिला स्टँडवरून आणलं. प्रणितने आत्याच्या पाया पडून तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही. सरळ गाडीच्या मागे गेली, डाव्या पंखातला लाल दिवा खालून दाबून वर उचलला. दिव्याखाली पेट्रोलच्या टाकीचं झाकण होतं.

सत्यजीतच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "ताई, हे फार कमी लोकांना माहीत असतं."

भगवान उगाच खाकरला.

मेकॅनिकने कॅनमधून पेट्रोल ओतलं, बॅटरी जोडली, बॉनेटखाली खुडबुड केली. बऱ्याच खोकल्यांनंतर इंजिन लागलं. काळा धूर शेडभर झाला आणि मग तो खोल, घुमणारा आवाज स्थिरावला. आजूबाजूच्या घरांतून लोक डोकावले. जनी दाराच्या हँडलवर हात ठेवून उभी होती.

"मी जरा फिरवून आणते," ती म्हणाली.

"येडी काय तू?" भगवान हसला. कोणी हसत नाही हे बघून त्याने आवाज चढवला. "वय काय तुझं जने? लायसन हाय काय? गप कागदावर सही कर."

"लायसन तेव्हाबी नव्हतं."

सत्यजीतने मेकॅनिककडे बघितलं. मेकॅनिक म्हणाला, "ब्रेक नरम आहे साहेब, वर्षानुवर्षं उभी आहे. गेटच्या आत हळू फिरवली तर चालेल."

"फिरवू द्या त्यांना," सत्यजीत म्हणाले. "गेटच्या आत."

जनीने पदर खोचला आणि डाव्या बाजूने आत बसली. अंकिता धावत जाऊन दुसऱ्या दाराने शेजारी बसली. सीट सोफ्यासारखी सलग होती, धुळीचा आणि उंदरांचा वास येत होता. जनीने स्टीअरिंगमागचा गिअरचा दांडा खाली ओढला. गाडी एखाद्या होडीसारखी हलली आणि पुढे सरकली. आत्याच्या कपाळावर घाम होता, पण स्टीअरिंग ती सवयीने फिरवत होती. गाडी आंब्याला वळसा घालून घराच्या मागच्या अंगाला आली. तिथे हिरव्या पत्र्याचं कुंपण होतं आणि कुंपणावर बिल्डरचा भला मोठा फलक, त्यावर उंच टॉवर आणि पोहण्याचा तलाव.

जनीने गाडी थांबवली. ब्रेकवर दोनतीनदा पाय मारावा लागला.

"हाच काय तो?"

"हो."

"आणि आपल्या घरच्यांना किती घरं?"

अंकिताने सांगितलं. काही बाबांच्या नावावर, काही प्रणितच्या. हे सांगताना तिच्या पहिल्यांदाच लक्षात आलं, की तिच्या स्वतःच्या नावावर एकही नव्हतं, आणि तिने ते कधी विचारलंही नव्हतं.

जनी फलकाकडे बघत राहिली. मग तिने गाडी वळवली. एवढी लांब गाडी त्या अरुंद जागेत तिने एका दमात वळवली आणि अंगणात आणली. तेवढ्यात भगवान समोर आला. का आला कोण जाणे. कदाचित शेजारच्या गच्चीवरून कोणी तरी 'जनीबाय, लय भारी' असं ओरडलं म्हणून, कदाचित नुसताच संताप आला म्हणून. दोन्ही हात पसरून तो गाडीसमोर उभा राहिला.

"बस झालं! उतर खाली!"

जनीने ब्रेक दाबला. पाय खाली गेला, गाडी थांबली नाही. अंकिता किंचाळली. "दादा, बाजूला हो!" जनी ओरडली आणि धपाधप ब्रेकवर पाय मारू लागली. भगवान हलला नाही. त्याचे पायच उचलेनात बहुतेक. क्रोमचा तो जाड बंपर हळूहळू येऊन त्याच्या गुडघ्यांना टेकला आणि तिथे थांबला.

काचेच्या आत बहीण, काचेबाहेर भाऊ. मेकॅनिकने धावत येऊन इंजिन बंद केलं.

जनी उतरली ती रडतच. "दादा, लागलं काय रे? दाखव, लागलं काय?" ती खाली वाकून त्याचे गुडघे चाचपू लागली. भगवानने पाय मागे घेतला.

"मारायलाच आलेलीस तू मला."

"असं बोलू नको."

"मग काय बोलू? चार लोकांत शोभा केलीस. सही कर आणि जा."

जनीने डोळे पुसले. अंकिताने पुढे केलेला कागद तिने बॉनेटवर ठेवला. बॉनेट गरम होतं, तिने हात पटकन उचलला, मग पदर खाली घालून सही केली. कागद सत्यजीतच्या हातात दिला.

"न्या तुमी गाडी. गाडीत मला काय नको." मग ती भावाकडे वळली. "त्या टॉवरात मला एक घर पाहिजे, दादा. बाबांची लेक म्हणून. भीक म्हणून नाय."

भगवान आधी समजल्यासारखा दिसलाच नाही. मग त्याचा चेहरा लाल झाला. "तू सोडलंयस! सही केलीस तू!"

"वाचू दिलंस काय?"

"वाचून काय करणार होतीस? आपल्या आत्यांनी मागितलं कधी? गावात कोणाच्या बहिणीनं मागितलं, नाव सांग मला! बाबांचं दुखणं मी काढलं, कोर्टकचेऱ्या मी केल्या..."

"केल्यास. मी कुठं नाय म्हणते? एकच घर मागते."

"नाय मिळणार. कोर्टात जा. आणि पुन्हा या दारात पाय ठेवायचा नाय."

प्रणित "बाबा, हळू, लोक बघतायत" असं पुटपुटत होता. सत्यजीत आणि मेकॅनिक गाडीपलीकडे जाऊन उभे राहिले होते. जनीने पायातली चप्पल नीट केली आणि गेटकडे चालू लागली. अंकिता तिच्यामागे गेली. एसटी येईपर्यंत दोघी स्टँडवर बसून होत्या. "मला वाटलं होतं, गाडीत बसल्यावर राग जाईल," जनी मध्येच म्हणाली. "उलट वाढला गो."

दोन दिवसांनी मोठा ट्रक आला आणि साखळ्यांनी ओढून गाडी वर चढवून घेऊन गेला. भगवान घराबाहेर आला नाही.

जनीने खरोखरच वकील गाठला. सही केलेला कागद मोडून काढणं अवघड आहे, वर्षं लागतील, असं तो म्हणाला. तरी तिने कोर्टात अर्ज केला. गावात चर्चा झाली. भगवानला नाक्यावर लोक मुद्दाम विचारत, "काय, बहिणीनं नोटीस पाठवली म्हणे?" तो चहा अर्धा टाकून घरी येई.

अशातच एका संध्याकाळी प्रणितने जेवणाच्या टेबलावर अंकितासमोर एक कागद ठेवला. "बिल्डरच्या वकिलाने मागितलाय. वडिलोपार्जित म्हणून तुझी संमती लागते. खाली सही कर."

अंकिताने ताट बाजूला सारलं आणि कागद वाचायला घेतला.

"अगं, वाचायचं काय त्यात? फॉर्मॅलिटी आहे."

ती वाचत राहिली. आई वाढायची थांबली. शेवटच्या पानावर तिला ते सापडलं, भाषा थोडी वेगळी, पण अर्थ तोच. कोणत्याही दबावाशिवाय, भावाच्या नावे.

"मी नाही करणार," ती म्हणाली.

"तुला काय कमी पडलंय?" प्रणितचा आवाज फाटला. "तुझं शिक्षण कोणी केलं? उद्या लग्न कोण करणार?"

"कमी नाही पडलं. आत्याचं नाव घाला. मग माझंही बघू."

भगवानने मान वर केली नाही. भातावर आमटी ओतली, कालवली, आणि न खाताच हात धुवायला उठला. जाताना तो एवढंच म्हणाला, "तिनं शिकवलं."

"नाही बाबा. तुम्ही शिकवलंत. तुम्हीच वाचल्याशिवाय सही करू नको म्हणायचात, कॉलेजच्या फॉर्मवर."

तो नळ सुरू ठेवून तसाच उभा राहिला. त्या दिवसापासून वडील तिच्याशी बोलेनासे झाले. भावाने तर घरातल्या वायफायचा पासवर्डही बदलला. बिल्डरने सुरुवात पुढे ढकलली. आई दोन्हीकडे निरोप नेऊन थकली, आणि एकदा स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता अंकिताला हळूच म्हणाली, "माझ्याही माहेरी मी सोडलंय. तेव्हा काही वाटलं नव्हतं."

दिवाळी आली. भाऊबीजेच्या सकाळी भगवान लवकर उठला, दाढी केली, नवा शर्ट घातला आणि हॉलमध्ये येऊन बसला. दर वर्षी या वेळेला तो करंज्याला निघालेला असे. पेपर उघडून तो तेच पान बघत राहिला. दहा वाजले, अकरा वाजले. शेवटी त्याने प्रणितकडे गाडीची किल्ली मागितली.

"कुठे निघालात? केस टाकलीय तिने आपल्यावर," प्रणित म्हणाला.

भगवान पुन्हा बसला. थोड्या वेळाने उठून त्याने शर्ट बदलला.

अंकिता एकटीच गेली. जनीने ताट तयार ठेवलं होतं, निरांजन, सुपारी, करंज्या. भाची एकटीच आलेली बघून तिने ताट आत नेऊन ठेवलं. जेवायला वाढलं, पापलेट होतं, भगवानला आवडतं तसं तिखटातलं. जेवताना विनायक बोटीचं काहीबाही सांगत होता.

ताटं उचलल्यावर जनी ओट्यावर येऊन अंकिताशेजारी बसली.

"दादा जेवला काय?"

"मी निघेपर्यंत नव्हते जेवले. तयार झाले होते, आत्या. मग नाही आले."

जनीने समोर बघितलं. बंदरावर होड्यांना झेंडूच्या माळा लावलेल्या होत्या. मग ती उठली, एका डब्यात पापलेटचे चार तुकडे भरले, वर फडकं बांधलं आणि अंकिताच्या हातात दिला.

"हा त्याला दे. मी दिलाय असं सांग." मग तिने भाचीचा हात धरून ठेवला. "आणि केस मी मागं घेणार नाय, तेबी सांग. दोनी सांग. एकच सांगू नको."